आधी ओळख, मग काठी

गुरुजी, मी ज्या देशात येऊन पडलेय तिथे साप नाहीत. एकही नाही. २०१३ साली आले तेव्हा लेकीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई, गवतात खुशाल अनवाणी फिर, इथे काही चावत नाही." मला वाटलं थट्टा करतेय. दोन महिने मी मागच्या दारातून पाय आपटतच बाहेर पडत होते. नातही माझ्यामागे पाय आपटायची, तिला वाटायचं हा काहीतरी नाच आहे. तुम्ही असतात तर लगेच सुरू झाला असतात, साप नाहीत तर उंदीर कोण खातं, विचार कर. तुम्हाला सदान्‌कदा शिकवायचंच असायचं. आता तुम्ही देवाघरी जाऊन वीस वर्षं झाली, उलट बोलणार नाही, तेवढं बरं आहे. अक्षर पाचवीतलं आहे, चुका काढू नका. पाचवीतच का राहिलं ते तुम्हाला माहीत आहे.

वर्गात सापांचा रंगीत तक्ता होता. डावीकडे चार विषारी, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि उजवीकडे बाकीचे सगळे गरीब. शनिवारी तो उतरवून गुंडाळायचं काम माझ्याकडे, कारण मी त्याला चुणी पडू देत नव्हते. "दिसला की ठेचायचा ही अडाण्याची रीत," तुम्ही म्हणायचात. "आधी ओळख, मग काठी. घरी जाऊन सांगा." मी सांगायचे. आमचे आबा धामणसुद्धा सोडत नव्हते. मी जेवताना बोलायला लागले की म्हणायचे, "झालं का मास्तरीणबाईंचं? आता भाकरी वाढा." पण आईला सांगायचे, पोरगी हुशार आहे, हिला शिकवायची. त्या हिवाळ्यात तुमच्या चष्म्याची काच फुटली. चष्मा तालुक्याला दुरुस्तीला गेला तो आठवडाभर आलाच नाही. तेवढे दिवस हजेरीही मीच वाचत होते आणि तुम्ही खुर्चीत बसून नुसते "हं" करत होतात.

त्याच आठवड्यातला शनिवार. सकाळची शाळा सुटलीय. तुम्ही सायकल हातात धरून माझ्याबरोबर आमच्या गोठ्यापर्यंत आलाय. आबा गंजीतून कडबा ओढतायत. एका पेंडीखाली ती वेटोळं करून पडलीय, जाडजूड, अंगभर तपकिरी ठिपके. आबा काठी उचलतात. तुम्ही सायकल टाकून ओरडता, "थांबा! मारू नका!" मग म्हणता, "अजगराचं पिल्लू आहे. बिनविषारी. आपलं आपण जाईल." आबा काठी खाली ठेवतात आणि पायानं पेंडी बाजूला सारतात. ती लोहाराच्या भात्यासारखी फुसफुसते आणि थेट पोटरीला.

घोणस होती. आबा वाचले, पण पोटरी सडली आणि चार महिन्यांनी सरकारी दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढला. शेण, वैरण, पाणी सगळं माझ्याकडे आलं आणि दप्तर खुंटीला लागलं. लोकांनी तुमचा तक्ता फाडून उकिरड्यावर टाकला. तुम्हाला चावडीवर बोलावून नाही नाही ते बोलले. आई तुमच्या दारात जाऊन म्हणाली, "मास्तर, तुमच्या त्या कागदावरच्या सापाला सांगा आता वैरण कापायला." तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. वर्षाच्या आत बदली घेऊन गेलात. जाताना माझ्यासाठी मेणाच्या खडूंची पेटी ठेवलीत. ती मी चुलीत घातली. चांगली भडकली.

आम्ही पुकेकोहे नावाच्या गावात राहतो. लेक शहरात पेनरोज भागातल्या एका गोदामात कामाला जाते, नातीला शाळेतून आणायचं माझ्याकडे. घरामागे कांद्याची शेतं आणि पाण्याचा चर. गेल्या एप्रिलात तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. दुपारी शाळेतून आलो तर मागच्या गवतातून ते सरपटत चाललं होतं, दोन हात लांब, मनगटाएवढं जाड, काळंकुट्ट. मी भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं. नात किंचाळली, "आजी, नो! डोन्ट! इट्स अ टुना!" टुना म्हणजे इथल्या माओरी भाषेत वाम. पोर माझा पदर ओढत होती. "माय टीचर सेड, आजी! टुना वॉक्स ऑन द ग्रास! माय टीचर सेड!"

ते टीचर कानावर पडलं आणि मी फावडं घातलं. दोनदा.

शेजारचा माओरी म्हातारा कुंपणापलीकडून आला. एरवी "किया ओरा, आंटी" म्हणून हात करतो, त्या दिवशी नुसता मेलेल्या वामीजवळ उकिडवा बसला. तो काय बोलला ते नातीनं रडत रडत मला समजावलं. मादी होती, म्हातारी, कदाचित माझ्याहूनही मोठी. जन्मभर त्या चरात राहिली आणि आता अंडी घालायला समुद्राकडे निघाली होती. एकदाच जातात. त्यानं तिला ओल्या पोत्यात गुंडाळून नेलं. आणि गुरुजी, वाम मी ओळखत नाही का? आपल्या ओढ्यात हातांनी धरलेल्या आहेत. पण मी बघितलंच नाही. शाळेतून शिकून आलेली पोर छाती पुढे काढून सांगते तेव्हा ते साफ चुकीचं असू शकतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

त्या शनिवारातलं एक वाक्य मी आजवर गाळत आलेय. वरही गाळलंय. तुम्ही "मारू नका" म्हणालात आणि डोळे बारीक करून माझ्याकडे वळलात. "सांग गं, कोणता?" मी नीट न बघताच, आबांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं, "अजगराचं पिल्लू, गुरुजी." आबा हसले. "मास्तरीण म्हणते म्हणजे असणार." त्यानंतर तुम्ही बोललात ते माझंच होतं.

चावडीवर हे का नाही सांगितलंत? दहा वर्षांची होते. दोन थोबाडीत बसल्या असत्या आणि मिटलं असतं. तुम्ही सगळं अंगावर घेतलंत, मग मला विचारायला कोण येणार? आबा मरेपर्यंत कुबडी आपटत "त्या मास्तरड्यानं घात केला" म्हणत राहिले आणि मी शेजारी बसून त्यांना चहा देत राहिले. तुमचीही चूक आहे, ती मी सोडणार नाही. दिसत नव्हतं तर दुसऱ्याची काठी थांबवायची नव्हती. दहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांच्या भरवशावर तिच्या बापाचा पाय पणाला लावायचा नव्हता.

हे पाठवायचं कुठे? तांदळाच्या डब्याखाली ठेवणार आहे. घरात मराठी वाचणारी फक्त लेक आणि ती डबे हलवत नाही. एवढं लिहिलं तर शेवटचंही लिहिते. नात तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी वेणी घालताना तिनं विचारलं, "व्हाय डिड यू, आजी?" मी म्हटलं, "मी लहान होते ना, तेव्हा माझ्या गुरुजींनी सापाला मारू नका म्हणून सांगितलं, आणि माझ्या आबांचा पाय गेला." ती म्हणाली, "युअर टीचर वॉज सिली."

मी वेणीला रबर लावलं आणि हो म्हटलं.