खिळ्यावरचा फर्मा

चिखली, सोमवार

प्रिय कुलदीप,

वर्षभरात तुला एक फोन नाही केला आणि आज एकदम पत्र! अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

आपल्या मळणी यंत्रांच्या कुटुंबात आता चौथं येतंय. थोरलं, मधलं आणि मागच्या वर्षीचं धाकटं, तिघांनाही पेंढ्या सारायचं तोंड एकच. चौथ्यालाही तेच बसवायचं असं गफ्फारचाचांनी ठरवलं. आपल्या कारखान्यात कागदावरच्या ड्रॉइंगपेक्षा खिळ्याला टांगलेल्या पत्र्याच्या फर्म्यावर सगळ्यांचा भरवसा, तुला ठाऊकच आहे. परवा मी तो फर्मा काढला आणि टेप लावला. लांबी सहा इंच कमी!

तीनदा मोजला. मग आठवलं. धाकटं यंत्र प्रदर्शनाला न्यायचं होतं, त्याचं तोंड छोट्या ट्रॉलीत मावेना. वेगळा फर्मा करायला वेळ कुठला, म्हणून मी होता त्यालाच कात्री लावली. नंतर नवा करू म्हटलं आणि साफ विसरले. धाकट्याचा ड्रम खोल आत असतो, त्याला ते चालून गेलं. तू मात्र पुढच्या ऑर्डरीला थोरल्याचे पत्रे त्याच फर्म्यावर कापलेस. तोंड आखूड झालं, पेंढी सारताना मळणीला आलेल्या बनाबाईंचा हात फिरत्या ड्रमपर्यंत पोचला, दोन बोटं गेली.

तू रडकुंडीला येऊन सांगत होतास, "म्या फर्मा ठेवूनच कापलं ना, ताई." आणि मी, कारखान्यातली एकुलती एक इंजिनिअर, फर्मा खिळ्यावरून खाली न काढताच सगळ्यांसमोर म्हणाले की फर्मा चुकत नसतो. त्याच दिवशी चाचांनी तुला कामावरून काढलं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

काल चाचांना सगळं सांगितलं. मग मी बनाबाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि तोंड फिरवून म्हणाल्या, "मले काऊन सांगून राह्यली? त्या पोराच्या बापाले जाऊन सांग."

रविवारी मी उंद्रीला भगवानरावांकडे जाते आहे. आपल्या मुलाच्या हलगर्जीपणानं एका बाईची बोटं गेली, या समजुतीनं त्यांनी वर्षभर तुझं नाव घरात काढू दिलेलं नाही. एव्हाना तुलाही वाटू लागलं असेल की आपलाच हात चुकला. नव्हता चुकला, कुलदीप. हे त्यांच्याआधी तुला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे. रविवारी त्यांचा फोन आला, तर उचल.

तुझी ताई म्हणवून घ्यायला लाजणारी,
अनुपमा