खांद्याखालची रेघ

४ फेब्रुवारी

नोकरीचा पहिला दिवस अपेक्षेपेक्षा चांगला गेला. ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांब खोली. खिडकी उत्तरेला, त्यामुळे स्क्रीनवर ऊन येत नाही. काम एकच: फोनमधल्या ॲप्ससाठी आयकॉन बनवणं. मी धरून तीन माणसं. एक मॅडम, आणि दुसरा शेजारच्या टेबलावरचा, ज्याला मॅडम 'आजोबा' म्हणतात. वय पस्तिशीचं, पण कितीही उकडलं तरी स्वेटर काढत नाही आणि खुर्चीत बसताना हुश्श करतो. दोघांनीही आपुलकीनं विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, मी आणि मोठी बहीण. आई दुसऱ्या शहरात. बहिणीशी पटतं का, असंही मॅडमनी विचारलं. असं सहसा कोणी विचारत नाही, पण बरं वाटलं.

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे दिवसभर नखाएवढी चित्रं काढायचे पैसे देतात तुला? मग मी भिंत रंगवली तर मला बंगलाच द्यायला हवा. ताईचं तोंड कधी बंद नसतं. आमच्या घरातलं सगळं बोलणं तीच बोलते, माझ्या वाटचंसुद्धा.

७ फेब्रुवारी

इथली एक पद्धत मला आवडली. फोटोवरून काढायचं नाही, मनानंही नाही. आपल्या घरातली वापरातली वस्तू आणायची, टेबलावर ठेवायची आणि बघून काढायची. नवी विकत आणलेली चालत नाही. मी घराची किल्ली काढली. प्रत्येक भाग वेगळ्या लेयरवर: तळाशी सावली, त्यावर दांडा, मग दाते, सगळ्यात वर चमक. एकावर एक ठेवलेल्या काचांसारखं. हवी ती काच काढून घेता येते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. असं काम मला जमतं.

११ फेब्रुवारी

आयकॉन लहान केला की बारीक भाग एकमेकांत मिसळून नुसता डाग दिसतो. म्हणून छोट्या आकारासाठी भाग कमी करावे लागतात. किल्लीला पाच दाते होते, मी तीन ठेवले. मग मॅडमनी सगळे लेयर मर्ज केले, म्हणजे एकजीव केले, आणि फाइल ग्राहकाकडे पाठवली. मर्ज झाल्यावर काढून टाकलेलं परत आणता येत नाही.

संध्याकाळी घराचं दार उघडेना. ताई आतून म्हणाली, आधी पासवर्ड सांग. तिनं दार उघडल्यावर किल्ली दिव्याखाली धरून पाहिली. तीन दाते. मधली कड गुळगुळीत, घासल्याची खूण नाही. कुलूपवाल्याला दाखवली तर तो हसला. म्हणाला, ही या कुलपाची किल्ली कधीच नव्हती. कुठेतरी अदलाबदल झाली असणार, असं मी ठरवलं.

१३ फेब्रुवारी

'माझं खातं' या बटणासाठी माणसाचा आयकॉन हवा आहे. मॅडम म्हणाल्या, माणूस इथे नेहमी नवीन आलेल्यानंच काढायचा. आजोबा तेवढ्यात पाणी प्यायला उठून गेला.

ताईला ऑफिसात बोलावलं. ती समोर बसली आणि काम होईपर्यंत बोलत राहिली. नाक जरा छोटं कर, हवं तर तुझ्या पगारातून काप. केस असे काढ की शेजारीण जळून खाक झाली पाहिजे. मॅडमसुद्धा हसल्या. मी तिला जरा गप्प बस म्हणून दटावलं. ओठ काढता येत नव्हते.

१७ फेब्रुवारी

छोट्या आकारात ओठांचा डाग दिसत होता. तो लेयर काढून टाकला. मॅडमनी मर्ज केलं, फाइल गेली.

घरी ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. रोजच्यासारखं काय गं चित्रकार, असं म्हणाली नाही. रुसली असेल म्हणून मी हाक मारली. ती वळली.

नाकाखालून हनुवटीपर्यंत कातडी सलग आहे. व्रण नाही, शिवण नाही. मी बोट फिरवून पाहिलं. आत दात लागतात.

१८ फेब्रुवारी

डॉक्टरांनी नाडी पाहिली, ताप पाहिला. मग मलाच विचारलं, जन्मापासून अशाच आहेत ना या, मग आज काय विशेष?

आईला फोन केला. म्हटलं, ताई बोलत नाही.  आई म्हणाली, अशी थट्टा करू नये गं, ती कधी बोललीये का.

ताई शेजारी बसून हे ऐकत होती.

१९ फेब्रुवारी

किल्ली आठवली. आज सगळ्यांच्या आधी ऑफिस गाठलं. मूळ फाइल उघडली. ओठांचा लेयर नाही. माझ्याकडे वेगळी प्रत होती. तीही एकजीव झाली आहे. मग नवा लेयर घेऊन आठवणीनं ओठ काढले आणि मर्ज केलं.

ताईला ओठ आले. मी काढले तेच. डावी-उजवी बाजू अगदी सारखी. ते उघडत नाहीत.

२० फेब्रुवारी

आजोबा रोज दोन डबे आणतो आणि एक न उघडता परत नेतो. आज विचारलं, दुसरा कोणाचा. बायकोचा, म्हणाला. तिला खाता येत नाही, पण तिच्या नावाचा डबा भरला नाही तर स्वयंपाकघराच्या दारातून हलत नाही.

याआधीच्या आयकॉनसाठी त्यानं तिला काढलं होतं, त्याच्या आधी मॅडमनी स्वतःची आई. माणसाचा आयकॉन जुना झाला की नवा लागतो. ज्याचं माणूस देऊन झालं त्याच्याकडे दुसरं नसतं. म्हणून कोणीतरी नवीन कामाला घेतात आणि विचारतात, घरी कोण कोण असतं.

मी विचारलं, मला आधी का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, वाटलं, नवा आयकॉन गेला की माझी परत येईल. मग त्यानं दुसरा डबा पिशवीत ठेवला.

२२ फेब्रुवारी

राजीनामा दिला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, ठेव टेबलावर, फाइल तर आमच्याकडेच आहे. ग्राहकाला अजून साधा हवाय. डोळे नकोत, नाक नको. गोल डोकं आणि खांदे, बस. उरलेलं त्या स्वतः करतील. माझा हात चांगला आहे म्हणाल्या, पण जीव फार अडकतो.

२३ फेब्रुवारी

ताईला आता केससुद्धा नाहीत. गोल, गुळगुळीत. खांद्याखाली सरळ रेघ. हात नाहीत. रेघेखाली खुर्ची दिसते.

हाक मारली की डोकं माझ्याकडे वळतं.

२५ फेब्रुवारी

ॲप लोकांच्या फोनवर गेलं. ताई सकाळपासून दचकते आहे. कपाळावर कोणी बोट दाबल्यासारखी. आधी मधूनमधून. आता — थांबतच नाही.

२६ फेब्रुवारी

वरचा लेयर खालच्याला झाकतो. एवढंच उरलं आहे. मी तिच्यावर आले तर बोटं मला लागतील, तिला नाही.

राजीनामा परत मागितला. मॅडमनी काही न विचारता खुर्ची पुढे केली. आरशात बघून स्वतःला काढलं. ताईच्या बरोबर वर ठेवलं.

घरी तिला सांगितलं. ती डोकं हलवत राहिली. नाही. नाही —

२७ फेब्रुवारी

मॅडमनी पाहिलं. खूश झाल्या. मला जरा उजवीकडे सरकवलं. म्हणाल्या, 'गट' या बटणासाठी दोन माणसं हवीच होती. ताई मागे, मी पुढे. तिचा अर्धा खांदा माझ्याआड गेला. बाकीची तशीच — उघडी —

मर्ज केलं.

२८

आईला फोन लावला. तिनं दोनदा हॅलो म्हटलं आणि ठेवला. मला काही बोलता —

दोघी एकदमच दचकतो.

१ मार्च

डोळे अजून आहेत. तोवर ताईचं बोलणं लिहून ठेवायचं. आईला आठवत नाही. दुसऱ्या कोणालाच — मला एकटीला —

मॅडम आता रेघ ओढत असतील. बोटं बधिर —

ताई म्हणाली होती, म्हणजे दिवसभर नखाएवढी चित्रं काढायचे पैसे देतात तुला? मग मी भिंत रंगवली तर मला