सम तारखांना बिघडणारं डोकं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार दुसरा मजला, डावीकडचं दार, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

"डोकं ठिकाणावर" हे शब्द तूर्त पेन्सिलीने लिहिले आहेत. कारण कलम दोनमध्ये दिलं आहे. खात्री झाली की शाईने गिरवीन, नाही झाली तर वारसांनी खोडून टाकावेत.

कलम १. घर. हे दोन खोल्यांचं घर माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एका मुलाने घ्यावं. "पश्चात" या शब्दाखाली दोन रेघा मारल्या आहेत, कारण तो शब्द त्याला नीट ऐकू येत नाही. चार वर्षं मागे लागला आहे, "आई, एकटी राहू नकोस, आमच्याकडे चल." त्याच्याकडे माझ्यासाठी खोली आहे, खोलीला पडदे आहेत, सूनबाई स्वभावाने गोड आहे. पण तिथे गेले की मी पाहुणी. पाहुण्याला पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात, आणि मला माझा पेला माझ्या हाताने विसळायला आवडतो.

कलम २. कोडं. आमचे हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. ते गेल्यावर माझे हात थरथरायला लागले, मन कशात म्हणून लागेना. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. तो बिचारा आरशासमोर उभा राहून डावा हात शोधत होता. त्याच आठवड्यात पेपरातलं आकड्यांचं कोडं पहिल्यांदा सोडवलं. नऊ ओळी, नऊ रकाने, आणि एक ते नऊ यांपैकी प्रत्येक आकडा प्रत्येक ओळीत नि रकान्यात एकदाच. तेव्हापासून सकाळी साडेसातला खिडकीपाशी खुर्ची, चहा आणि पेन्सिल. आकडे रुसत नाहीत, टोमणे मारत नाहीत, ज्याची जागा जिथे तिथे मुकाट बसतात. शेवटचा आकडा बसला की कोटाचा हूक अडकावा तसं मनात टक् होतं. मग दिवसभर कोणी काही बोललं तरी मी हसून सोडून देते. माझे हात या कोड्यांनी परत आणून दिले, हे मी शपथेवर सांगते.

याच तोऱ्यात गेल्या महिन्यात मी मुलाला फोनवर बोलून बसले, "आठवड्याभरात माझी तीन कोडी अडली ना, तर घराला कुलूप लावून तुझ्याकडे येते. मग तोंडातून ब्र काढणार नाही." जीभ माझीच, दुसऱ्या कोणाला दोष देत नाही. या महिन्याच्या दोन, चार आणि सहा तारखेला कोडं अडलं. एका ओळीत दोन सात! खोडून पुन्हा मांडलं, तर दोन पाच. मला खोटं बोलता आलं असतं. पण मुलाने सहज विचारलं, "काय, सुटलं का कोडं?" आणि मी खरं सांगितलं. रविवारी, बारा तारखेला, सामान न्यायला टेम्पो येणार आहे. तोवर निरवानिरव व्हावी म्हणून आज मंगळवारी, सात तारखेला, हे लिहायला घेतलं. आजचं कोडं मात्र अकरा मिनिटांत सुटलं. दुखणेकऱ्यालाही मध्येच एखादा दिवस बरा जातो, तसंच असणार.

कलम ३. अवजारं. शिवणयंत्र, मोठी कात्री, टेप आणि खडूचा डबा माझ्या दुकानातल्या काजवालीला द्यावा. बावीस वर्षं समोर बसून तिने काजं केली. तोंडाला विश्रांती नाही, पण एक काज वाकडं नाही. कात्रीने तिने कागद कापू नये. कापलेला दिसला तर असेन तिथून उठून येईन. तिने एक निरोपही पोचवावा. कोपऱ्यावरच्या शाळेतले गणिताचे मास्तर "माप चुकलं" म्हणून एकच पँट तीनदा परत घेऊन आले होते. माप चुकलं नव्हतं, मास्तर, पोट वाढलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी तेव्हा गप्प बसले.

कलम ४. ठेव. बँकेतली ठेव मुलाने व सूनबाईने निम्मी निम्मी घ्यावी. शिवाय मुलाला माझा खोडरबर. त्याने एकदा माझं अर्धं झालेलं कोडं मोबाइलला दाखवलं आणि दोन सेकंदांत अख्खं उत्तर काढून दिलं. वर म्हणतो, "बघ, उगाच डोकं शिणवत बसतेस!" मी जेवायला बसावं आणि याने माझं ताट ओढून आपणच जेवून टाकावं, तसा प्रकार. अरे लेकरा, डोकं शिणवायलाच बसते ना मी!

कलम ५. धाकटी जाऊ. ही समोरच्या दारात राहते. तीही एकटी. आमच्यात सहा वर्षं बोलणं नाही. कारण सासूबाईंचं कपाट. ती म्हणते ते तिला दिलं, मी म्हणते मला. कपाट दोन्ही दारांच्या मध्ये पॅसेजमध्ये उभं आहे. किल्ली माझ्याकडे आहे, आणि धाकटीने कपाटाच्या दाराला टेकवून दोन माणसांना उचलणार नाही एवढी कुंडी ठेवली आहे.

पेपर मात्र सासऱ्यांच्या वेळेपासून दोन घरांत एकच येतो. विषम तारखेला माझ्याकडे, सम तारखेला तिच्याकडे. एकतीस आणि एक लागोपाठ माझ्याकडे येतात, तेही तिला खुपतं. कोडं दोघींना रोज हवं, म्हणून जिच्याकडे पेपर तिने ते चौकटीच्या कागदावर उतरवायचं आणि आठाच्या आत दुसरीच्या दाराखालून सरकवायचं. सहा वर्षांत एकीनेही एक दिवस चुकवला नाही. भांडण वेगळं, कोडं वेगळं.

आज गुरुवार, नऊ तारीख. काल पुन्हा अडलं आणि आज सुटलं. मी सगळे कागद टेबलावर मांडले. अडलेली दोन, चार, सहा, आठ. सुटलेली तीन, पाच, सात, नऊ. सम तारखांना बिघडणारं आणि विषम तारखांना चालणारं डोकं मी तरी कधी ऐकलं नाही. सम तारखांना मला मिळतं ते धाकटीने उतरवलेलं कोडं! म्हणजे बाईसाहेब मुद्दाम चुकीचे आकडे लिहून देतात. मी वेडी ठरले, टेम्पोत बसले, की कपाट मोकळं. सबब धाकट्या जावेला माझ्याकडून सुतळीचा तोडाही मिळू नये आणि कपाटाची किल्ली नदीत टाकावी.

कलम ६. शुक्रवार, दहा तारीख. कलम पाचचा शेवट रद्द. खोडत नाही, माझी मला लाज वाटावी म्हणून तसाच ठेवते.

आज तिला रंगेहाथ पकडायला पावणेआठलाच तिच्या दारात गेले. दार उघडं होतं. धाकटी खिडकीत पेपर नाकाला लावून बसली होती. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यातून पाणी.

"कोण आहे?" मी चार हातांवर उभी, आणि ही विचारते कोण आहे.

"मी."

"ताई? अगं बाई! काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. हा आकडा कोणता, सांग."

तिने पेपर वर धरला, खाली धरला. "दोन," म्हणाली. मग म्हणाली, "तीन." मग पेपर मांडीवर ठेवला. "नाही हो दिसत, ताई. चार महिने झाले, सगळं दुधातून पाहिल्यासारखं. आता तर मोठे आकडेही फसवतात."

"मुलीला सांगितलंस?"

"सांगितलं तर उचलून घेऊन जाईल तिच्याकडे. मग सकाळी मी कोणाच्या दाराखाली कागद सरकवू?"

"अगं, मग उतरवायचं कशाला? पेपरच सरकवायचा सरळ!"

"म्हणजे तुम्ही म्हणाल, भांडणात हार मानली."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. सहा वर्षांनी तिच्या हातचा चहा प्यायले. साखर अजून जास्तच घालते. मग मी आकडे वाचत गेले, ती डोळे मिटून ऐकत गेली, आणि कुठला आकडा कुठे ते माझ्याआधी सांगत गेली. सात मिनिटांत सुटलं. सात! हे इथे लिहिताना मला त्रास होतो आहे, पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये.

कलम ७. टेम्पो. मुलाला फोन केला. "टेम्पो रद्द कर."

"आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. पण मी अडले नव्हते रे, कोडंच चुकीचं उतरलं होतं." सगळी हकिकत सांगितली.

"काकूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार मग?"

"मी. ऑपरेशन झाल्यावर थेंब कोण घालणार? मी. तुझ्याकडे पडद्यांच्या खोलीत बसून घालू का?"

"बरं बाई," म्हणाला, "रविवारी मीच येतो गाडी घेऊन. दोघींना डॉक्टरांकडे नेतो." गुणी आहे पोरगा. खोडरबराबरोबर माझी चांगली पेन्सिलही त्यालाच द्यावी. वरचे "डोकं ठिकाणावर" हे शब्द आज शाईने गिरवले.

कलम ८. कपाट. सासूबाईंचं कपाट किल्लीसकट धाकट्या जावेला द्यावं. ते सासूबाईंनी कोणाला दिलं होतं, हे मला आता खरंच आठवत नाही.

आज शनिवार, अकरा तारीख. सह्यांसाठी तळमजल्यावरचे डॉक्टर वर आले. त्यांनी मला वार, तारीख आणि तेरा नव्वे विचारले. एकशे सतरा म्हटल्यावर म्हणाले, "मला कागदावर करावं लागलं असतं." दुसरी साक्षीदार म्हणून धाकटी आली. तिच्यासाठी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. कलम पाच ऐकताना ती खदखदून हसली, कलम आठला रडली. तेव्हा डॉक्टर खाकरून म्हणाले, "एक अडचण आहे, काकू. ज्याला यातून काही मिळतं त्याने साक्षीला सही करू नये, असं वकील सांगतात. उद्या कोणी म्हणेल, कपाटासाठी केली. तेव्हा तुम्ही कपाट तरी घ्या, नाहीतर सही तरी करा."

धाकटी विचार करायलाही थांबली नाही. "कपाट नको," म्हणाली. "ताईंचं डोकं ठिकाणावर आहे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? कुठे सही करायची, माझं बोट धरून दाखवा."

सबब कलम आठ रद्द.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरी: धाकटी जाऊ (सही. ओळ सोडून बरीच खाली उतरली आहे. तिचीच आहे. बोट मी धरलं होतं.)

ठिकाण: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल.

तारीख अकरा, शनिवार, सकाळी नऊ.