कीटक — परजीवी — माणसांवरचे

सोमवार, ३ जून

आज रुजू झालो. ग्रंथालयाच्याच वरची खोली राहायला मिळाली आहे. पूर्वेला खिडकी, लोखंडी खाट, टेबलाला तीन खण. मधला अडकत होता. मेण घासून दुपारपर्यंत सरळ केला. आमची ही पंधरा तारखेला येईल, तोवर ओटा लख्ख करून ठेवायचा आहे.

ग्रंथपाल पोरगेलासा आहे, पदव्या भिंतीवर टांगून बसतो. माझं शिक्षण विचारलं. सांगितलं, चोवीस वर्षं पुस्तकं बांधली आणि बांधता बांधता वाचली. वर्गीकरण मला कुणी शिकवलं नाही, म्हणूनच ते मला येतं. तो हसला. हसू दे.

काम असं: संगणकातली विषय-शीर्षकं नीट लावायची. ती जिन्यासारखी असतात. 'प्राणी' उघडलं की खाली 'कीटक', त्याखाली आणखी बारीक, आणि प्रत्येकापुढे कंसात पुस्तकांची संख्या. वाचकाने एकेक पायरी उतरत हव्या त्या पुस्तकापाशी पोचायचं. देवघेवीच्या टेबलावरच्या बाई सत्तावीस वर्षं इथे आहेत. त्यांनी एकच नियम सांगितला: पुस्तक हातात आल्याशिवाय शीर्षक उघडायचं नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, काम टाळणाऱ्यांचे नियम असेच असतात.

बुधवार, ५ जून

'कीटक — परजीवी' पाहिलं. खाली 'गुरांवरचे (४)' आणि 'कोंबड्यांवरचे (२)'. संपलं. माणूस काय आभाळातून पडला? मी 'माणसांवरचे' उघडलं. त्याखाली 'पुरुष' उघडलं, आणि दारात एकच चप्पल असावी तसं दिसायला लागलं म्हणून शेजारी 'स्त्रिया'ही उघडलं. दोन्हींपुढे (०). पुस्तकं येतील तेव्हा येतील, जागा तयार हवी. बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि अर्धा चहा तसाच टाकून उठल्या.

शुक्रवार, ७ जून

'पुरुष (१)'.

नोंद कुणी केली, विचारलं. ग्रंथपाल म्हणाला, त्याने नाही. नोंदीत दिलेल्या क्रमांकाच्या फळीवर गेलो. पातळ पुस्तक, पाठीवर नाव नाही. पुठ्ठा दमट, आणि कोमट. पानं एकमेकांना चिकटलेली. ती खळ नव्हती, खळ मी ओळखतो. पिवळट, वाळलेल्या पुवासारखं काहीतरी. घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीने दोन पानं सोडवली तर मध्ये केस, काळे-पांढरे, मुळासकट, आणि कोंड्याचा थर. जखमेवरून चार दिवस न सोडलेल्या पट्टीचा वास. हात तीनदा साबणाने धुतले. जेवणाच्या डब्याचं झाकण उघडवेना.

शनिवार, ८ जून

शीर्षक पुसायला गेलो. पुसता येत नाही. ज्याखाली पुस्तक आहे ते यंत्र पुसू देत नाही, फक्त रिकामं पुसता येतं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या शिक्के मारता मारता हळूच म्हणाल्या,

"उघडलेलं शीर्षक रिकामं राहत नाही हो इथे. म्हणून तर आम्ही उघडत नव्हतो."

मी त्यांच्या तोंडावर हसलो. मग कामाला बसलो, तर त्या शीर्षकाला आपोआप खालच्या पायऱ्या फुटलेल्या: 'पुरुष — पन्नाशीतले — पुस्तकबांधणी करणारे — डाव्या कानामागे (१)'.

सकाळपासून तिथेच खाजतंय.

मंगळवार, ११ जून

कानामागे ओलं आहे. आरशात वाकून चिमट्याने एक काढला. शिजलेल्या शिताएवढा, पांढरा, मऊ. कागदावर ठेवला तर चपटा होऊन कागदाखाली सरकला. ओकलो. चुरडल्यावर निघालं ते माझं रक्त, मला कळतं.

डॉक्टर म्हणाला, साधं गजकर्ण आहे. मलम दिलं. मलमाच्या थराखाली वळवळ दिसते.

पडद्यावर त्या शीर्षकापुढची संख्या १४.

गुरुवार, १३ जून

३१०. सदऱ्याची कॉलर मानेला चिकटते, सोडवताना कातडी बरोबर येते. उशीवर ओला डाग, डागात हालचाल. हिला येऊ नकोस म्हणून दोनदा फोन केला. म्हणाली, आवाज कसा येतोय तुमचा, मी येतेच. मी कधी नको म्हटलं की ही हमखास येते —

शनिवार, १५ जून, सकाळ

बाई जिना चढून आल्या. उंबऱ्याबाहेरूनच, नाकाला रुमाल लावून, विचारलं की सगळी रिकामी शीर्षकं पुसलीत ना. म्हटलं, मी रिकामं काही ठेवतच —

स्त्रिया (०).

मीच. जोडी जमावी म्हणून.

खाली आलो. ग्रंथालय नुकतंच उघडलंय. रिकामं आहे तोवर पुसता येईल. बोटांची नखं सुटायला आलीत, कळ दाबली की पू येतो. यंत्र एकेक पायरी सावकाश उघडतंय. तोवर लिहितो, हात थांबले तर खाजवतील.

प्राणी. उघडलं.

ही आली. बॅगसकट सरळ इथेच. मी ओरडलो, दूर राहा. ती म्हणाली, काय अवतार करून घेतलात — आणि माझी मान धरून रुमालाने कानामागे पुसलं. रुमाल पाहून तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तरी पुसत राहिली.

कीटक.

परजीवी. लवकर, लवकर —

मागे उभी आहे. बोलता बोलता थांबली. पडद्याच्या काचेत दिसतेय — तिने हात वर केला, केस बाजूला करून मानेवर —

माणसांवरचे. पुरुष (१२०४)

स्त्रिया (