निळ्या झाकणाची बाटली

४ जून
लघवीत आजही फेस. दोनदा पाणी ओतलं तरी हटेना.

पुढच्या गुरुवारी तपासणी! डॉक्टरीणबाईंनी मागेच बजावलंय — "रोगाशी लढायची ताकद तुझ्यात जन्मतःच तोकडी. सारख्या तापांनी किडन्या आधीच दमल्यात. अंगदुखीची गोळी एकही घ्यायची नाही." मी मान डोलावली. पर्समध्ये तेव्हाही त्याच गोळ्यांचं पाकीट होतं.

७ जून
दिवसभर शिलाई मशीनवर बसलं की गुडघे बोंब मारतात. आज दोन गोळ्या. कापड बेतणारे काका म्हणाले, "आज स्वारी खुशीत!" खुशीत कसली — चोर आहे मी. दर तीन आठवड्यांनी प्रतिकारशक्तीच्या सलाईनला ताई सोबत येते, स्वतःची रजा मोडून. तिला कुठल्या तोंडाने सांगू?

१० जून
सांगितलं. ताईने फैलावर घेतलं. "अक्कल गहाण ठेवलीस का गं?" मी रडले. आणि रडता रडता मागितलं — उद्या तपासणीच्या बाटलीत तुझी लघवी दे. एकदाच. गोळ्या आजपासून बंद, पुढच्या महिन्यात माझी खरी देईन.

ती उठून गेली.

११ जून
सकाळी बेसिनवर निळ्या झाकणाची बाटली. भरलेली. चिठ्ठीवर माझं नाव, ताईच्या अक्षरात. मी निमूटपणे बाटली देऊन आले.

लाज वाटते, आणि सुटल्यासारखंही वाटतं! रिपोर्ट चांगलाच येणार. ताई म्हणजे घरातली पैलवान. बारा महिने नाक वाहतं, पण म्हणते, "सर्दीला कोण विचारतं!" पाय सुजले की सैल चपला घेते. हा आजार घराण्यात असतो, ताईलाही तपासू, असं डॉक्टरीणबाई दरवेळी म्हणतात. आम्ही दोघी दरवेळी हसतो.

१५ जून
डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "प्रोटीन फार जातंय. किडनीचा तुकडा काढून तपासावा लागेल."

लॅबवाल्यांनी घोळ घातला, असंच वाटलं मला. ओठांवर येणारच होतं. मग ताईकडे पाहिलं. ती स्वतःच्या पावलांकडे बघत होती.

तिने माझा हात दाबला. हळूच म्हणाली, "गप्प बस. तुलाच ओरडतील."

आणि मी गप्प बसले.

१६ जून
ताईला ओढतच नेलं. सगळं बोलले — गोळ्या, बाटली, सगळं. डॉक्टरीणबाई मला ओरडल्या नाहीत. ताईकडे वळून विचारलं, "तुम्हाला कधीपासून त्रास होतोय?"

ताईला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.