पेटीतले दिवस धरलेच नाहीस

शहागंज, छत्रपती संभाजीनगर

प्रिय माय,

फोनवर तू लगेच रडायला लागतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

केशव बरा आहे. चार वर्षांचा झाला. भांड्यांच्या आवाजावरून मी स्वयंपाकघरात आहे की मोरीत, हे ओळखतो. त्याच्या पाठांतराचं कौतुक तू गावभर सांगतेस म्हणे. सांग. पण त्याचं असं का झालं, हे कुणी विचारलं की देवाची मर्जी म्हणतेस, तेव्हा माझ्या अंगाची आग होते.

सातव्या महिन्यात तुझ्याकडेच मला कळा आल्या. दवाखान्यात तो काचेच्या पेटीत होता, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा. नाकातल्या नळीतून मशीन हवा दाबून द्यायचं, तेव्हा कुठे त्याची फुप्फुसं उघडी राहायची. नर्सनं ऑक्सिजन जरा कमी केला की तू भांडायला उठायचीस, “हवेची बी कंजुषी करता व्हय?” तिनं किती वेळा समजावलं, लागेल तेवढाच द्यायचा, जास्त झाला तर इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या डोळ्यांवर जातो. घरी सोडताना डॉक्टरांनीही बजावलं होतं, बाळ महिन्याचं होताच डोळे तपासायला आणा.

आणि तू उंबऱ्यात आडवी उभी राहिलीस. “सव्वा महिना झाल्याबगर लेकरू शिवंबाहेर नेऊ नाय.” बरं, तो तरी जन्मापासून मोजायचास! पेटीतले दिवस तू धरलेच नाहीस, घरी आला तेव्हापासून मोजलास. मी तुझ्या हातापाया पडले. आम्ही पोचलो तेव्हा डोळ्यांतला पडदा सुटला होता. वेळेत आणला असता तर लेसर करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. माय, मी तुला माफ केलेलं नाही.

आता आपल्या गोदीची मुलगीही सातव्यातच झाली. तशीच नळीवर राहून परवा तुझ्याकडे आली. तिचे डोळे सोमवारी तपासायचे आहेत, आणि तू धाकट्या लेकीलाही सव्वा महिना थांब म्हणालीस. सोमवारी सकाळी मी जीप घेऊन वेरूळला येते आहे. केशवलाही आणते. तू दारात उभी असशील, तर तो चाचपत तुझा चेहरा शोधेल. शोधू दे. त्याचे हात तुझ्या तोंडावर असताना गोदीला थांब म्हणून दाखव.

तुझीच थोरली,
कौशल्या