दुपारी गप्प राहणारा डब्बा

शेगाव,
सोमवार, दि. १० नोव्हेंबर २०२५

ती. बेबीताई यांना,

छायाचा वाकून नमस्कार. उंद्रीले सगळे बरे असान. इकडं आम्ही दोघं बरे आहोत, दुकान बरं आहे, माझा गुडघा तेवढा थंडीनं कुरकुर करून राह्यला. पुंजाजी भाऊजींचा खोकला थांबला का? अडुळशाचा काढा त्याईले जबरदस्तीनं पाजा, गोडीगुलाबीनं ते पेत नाहीत.

तुम्ही म्हणसान, ही बाई रोज फोन करते अन् आज पत्र काऊन? तं फोनवर तुम्ही मले बोलू देत नाही. "हाव छाया, हाव छाया" करता अन् माझं अर्धं पोटातच राह्यते. शिवाय फोन दुकानात ठेवलेला, अन् तिथं तुमचा भाऊ. म्हणून शेजारच्या पुष्पाबाईच्या पिशवीत देऊन राह्यली, ती उद्या माहेरी उंद्रीले येते. पत्र डिंकानं चिकटवलं आहे. फाटलेलं दिसलं तं मले कळवा, मंग मी पाहते तिच्याकडं.

पह्यले दुकानाचं सांगते. गाळ्याचे मालक उकंडराव आले होते. बारा वर्षांआधीची डिपॉझिट आता चालत नाही म्हणे. वीस तारखेपर्यंत ऐंशी हजार आणखी द्या, नाही तं मोबाईलवाला उभाच आहे, गाळा त्याले देतो. ताई, बारा वर्षं त्या गाळ्यात पेढे-फुटाणे विकले. गिऱ्हाईक आमचं नाव विसरते, पण जागा विसरत नाही. गाळा गेला तं आम्ही हातगाडीवर आलो समजा.

उकंडराव गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत बसलो. हे म्हणे, "माझ्याजवळ तं काहीच नाही." मी म्हणलं, "माझ्याजवळ कुठून येईन?" मंग हे हळूच म्हणे, "तुझी सोन्याची पोत मोडली तं?"

माझी पोत! मी रडली, भांडी आपटली, दोन दिवस बोलली नाही. ते भांडण तुमाले फोनवर सांगतलंच होतं. तेव्हा तुम्ही म्हणाल्या, "जाऊ दे छाया, पोत देऊ नको अन् भांडूही नको." किती शांत म्हणाल्या तुम्ही. ते आता मले आठवून राह्यलं.

तुमाले आपल्या दुकानातला बोलणारा डब्बा माहीत आहे. गिऱ्हाइकानं फोननं पैसे टाकले की त्यातली बाई ओरडते, "एकशे वीस रुपये मिळाले." दुकान अन् स्वयंपाकघर, मधात एकच भिंत. मी पोळ्या लाटता लाटता ऐकते, किती विकलं ते मले बसल्या जागी समजते. ते पैसे आम्हा दोघांच्या खात्यात जातात, हे आमचं पह्यल्यापासूनचं ठरलेलं. नगद गल्ल्यात, फोनचे खात्यात, अन् दोघांपासून काही लपलेलं नाही.

तं दिवाळीच्या आधीपासून डब्बा दुपारी गप्प राहू लागला. एक ते चार मी घरात, हे दुकानात. गिऱ्हाइकाचा आवाज येते, वजनकाट्याचा खडखडाट येते, पेढ्याची पाकिटं कमी होतात, अन् डब्ब्यातली बाई तोंड उघडत नाही. गुरुवारी सुद्धा! ताई, गुरुवारी शेगावात कोणाचा डब्बा गप्प राह्यते? मी विचारलं तं हे म्हणे, "रेंज नाही." मी चार वाजता दुकानात बसली की रेंज बरोबर येते. मी मनात म्हणलं, वा रे रेंज.

परवा संध्याकाळी मी एकटी बसली होती. एक मेहकरकडचा माणूस बायकोले घेऊन आला. म्हणे दुपारी पेढे नेले, दोनशे चाळीस दोनदा गेले, एक वापस द्या. मी आमच्या खात्यात पाह्यलं, त्या वेळेले एकदाही आले नव्हते. मी म्हणलं, "भाऊ, दुसऱ्या दुकानात गेले असान." त्याची बायको चिडली, तिनं त्याचा फोन माझ्या नाकासमोर धरला. दोनदा दोनशे चाळीस. अन् कोणाले गेले तिथं नाव.

बेबी पुंजाजी इंगळे.

मी त्या माणसाले गल्ल्यातून पैसे दिले. मंग पेढ्याच्या ताटाखालचा पेपर उचलला. तिथं एक दुसरा क्यूआरचा कागद, प्लास्टिकमधे घालून, तुमच्या नावाचा.

मी काही म्हणत नाही ताई. फक्त विचारून राह्यली. भाऊबीजेले आम्ही आलो तव्हा ह्याईनं तुमच्या ताटात पाचशेची नोट टाकली अन् तुम्ही म्हणाल्या, "एवढे काऊन रे भगवान, तुमचीच ओढाताण." मी तिथंच बसून करंजी खात होती. ते माझ्यासाठी नाटक होतं का? तुमच्या घरात नवीन फ्रीज होता, भाऊजी म्हणे हप्त्यानं घेतला. असन हप्त्यानं. मी त्याच्यातलं पाणी पेली, लई थंड होतं.

हे तुमाले देतात का तुमच्याजवळ ठेवतात, हे मले समजत नाही. बहिणीले देत असतीन तं द्यावं, मी कधी आडवी आली? पण मले सांगून द्यावं. अन् ठेवत असतीन तं माझ्यापासून काऊन ठेवतात?

हे लिहिलं अन् पेन खाली ठेवला. चहा केला. कारण याचं उत्तर मले माहीत आहे अन् तुमालेही माहीत आहे.

चार वर्षांआधी ह्याईनं मले न विचारता भिशीत चाळीस हजार घातले अन् भिशीवाला पळाला. तव्हा तुम्हीच मले विहिरीजवळ नेऊन म्हणाल्या होत्या, "छाया, तुझ्या भाऊजींनी प्लॉट इकला तो मले सातव्या दिवशी कळला. तू आपले चार पैसे बाजूले ठेव. माझ्याजवळ ठेव, भगवानले मी बोलणार नाही." त्या दिवसापासून मी आठवड्यातून दोनदा सकाळी गल्ला उघडला की ह्याईच्या आधी शंभराची एक नोट काढते. पापडाच्या डब्ब्यात घालून तुमाले आणून देते. अडतीस हजार झाले, तुम्हीच सांगतलं. एवढे जवळ असून मी पोतीसाठी रडली. ते रडणं खरं होतं ताई, पण मी खरी नव्हती.

श्रावणात हे एकदा गल्ल्यात पाहून म्हणे, "शंभराची नोट आपल्या इथं टिकत काऊन नाही?" मी म्हणलं, "सुट्टे द्यायले जातात." हे माझ्याकडं पाहतच राह्यले. मले वाटते तिथूनच तो दुसरा कागद आला. पह्यले मीच काढले. हे मी कोणाले म्हणलं नाही, आज तुमाले म्हणते.

म्हणजे आम्ही दोघं आपलंच दुकान लुटून राह्यलो, अन् माल एकाच घरी आणून ठेवून राह्यलो. तुम्ही दोघाईले "हाव" म्हणत राह्यल्या. तुम्ही हे आमच्या भल्यासाठी केलं का आणखी कशासाठी, ते मले समजेनासं झालं. बारा वर्षांत मी तुमच्यावर कधी शंका घेतली नाही. आज फ्रीजवर घेऊन राह्यली. माझी मलेच लाज वाटते, पण वाटून राह्यली तं राह्यली.

आता ऐका. ह्याईले मी अजून एक शब्द बोलली नाही. कागद होता तिथंच ठेवला. मी बोलली तं हे विचारतीन, "तुले काऊन राग येते, तू काय केलं?" आम्ही दोघं सुरुवात करणारे नाही. एकमेकांचं तोंड पाहत बसू अन् वीस तारीख निघून जाईन.

म्हणून शुक्रवारी सकाळी आठ वाजता, गिऱ्हाईक यायच्या आधी, मी ह्याईले दुकानात बसवून ठेवते. चहा देते, उठू देत नाही. तव्हा तुम्ही आमच्या दुकानाच्या खात्यात पैसे टाका. आमच्या पेढ्याच्या पाकिटावर छापलेला क्यूआर चालन, भाऊबीजेले आणलेलं पाकीट तुमच्याजवळ असन. पह्यले माझे अडतीस हजार टाका. मंग ह्याईचे, जेवढे असतीन तेवढे. एकत्र टाकू नका. डब्ब्यातल्या बाईले दोनदा ओरडू द्या. एकदा ह्याईनं माझ्याकडं पाहावं, एकदा मी ह्याईकडं. मंग आमचं आम्ही पाहून घेऊ, रडू का हसू.

अन् शुक्रवारी डब्बा गप्प राह्यला, तं रेंज नव्हती असं मले सांगू नका.

आठ वाजेपासून डब्ब्याजवळ बसणारी,
तुमचीच का नाही ते शुक्रवारी ठरवणारी,
छाया